फॅलेनोप्सिस घरात दुसऱ्यांदा फुलवताना

फुलांनी भरलेलं फॅलेनोप्सिस ऑर्किड घरी आणलं की पहिले दोन महिने ते आपल्याकडून फारसं काही मागत नाही. त्या कळ्या पॉलीहाउसमध्येच धरलेल्या असतात. आपण पाणी बेताने घालायचं आणि फुलं बघायची. खरं काम शेवटचं फूल गळल्यावर सुरू होतं आणि नेमकं तेव्हाच बहुतेक घरांतून हे झाड कचऱ्यात जातं, कारण चार पानं आणि एक दांडा एवढंच उरलेलं असतं. झाड मात्र जिवंत असतं आणि नीट ठेवलं तर कित्येक वर्षं दरवर्षी फुलतं. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये, ग्रीनहाउस किंवा एसी नसताना, मी हे ज्या क्रमाने करते तो क्रम इथे देते आहे. मुंबईत किंवा कोकणपट्टीत जिथे वेगळं करावं लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

आधी झाडाचा स्वभाव. इंडोनेशिया, फिलिपिन्स, तैवान इथल्या दमट जंगलांत ही झाडं मोठ्या वृक्षांच्या खोडांना मुळांनी धरून वाढतात. आपल्या सह्याद्रीतली सीतेची वेणी आणि फांद्यांवर दिसणाऱ्या इतर आमरी, म्हणजे आपल्याकडची ऑर्किड, याच घराण्यातल्या. ज्या झाडावर बसतात त्याचा रस त्या शोषत नाहीत, त्यामुळे त्यांना बांडगूळ समजून ओरबाडणं अन्यायाचं आहे. (आणि जंगलातली आमरी घरी आणू नये. ती घरात जगत नाही आणि डोंगरावरची एक कमी होते.) फॅलेनोप्सिसच्या मुळांवर पांढरट, सच्छिद्र थर असतो, त्याला वेलामेन म्हणतात. पाऊस आला की तो क्षणात पाणी ओढतो आणि वारा लागला की सुकतो. ओलं होणं आणि सुकणं, दोन्ही सारखंच गरजेचं. म्हणून लाल माती, कोकोपीट, शेणखत, गांडूळखत यांतलं काहीही या कुंडीत चालत नाही. मुळांना हवा मिळाली नाही की ती आठवड्या-दोन आठवड्यांत कुजायला लागतात आणि पानांवर त्याची खूण दिसेपर्यंत अर्धी मुळं गेलेली असतात.

विकत घेताना मी फुलांपेक्षा मुळं आणि मधला कोंब बघते. शोभेची चिनी मातीची कुंडी उचलून आतली पारदर्शक प्लास्टिकची कुंडी बाहेर काढून दाखवायला सांगायचं. मुळं हिरवी किंवा चंदेरी आणि भरीव दिसली पाहिजेत. बहुतांश तपकिरी असतील तर झाड कितीही फुललेलं असो, सोडून द्यावं. पानांच्या बेचक्यात कापसासारखं काही दिसलं तर ती पिठ्या ढेकूण ही कीड. सगळी फुलं उमललेल्या झाडापेक्षा तीन-चार फुलं उमललेली आणि बाकी फुगीर कळ्या असलेलं झाड जास्त दिवस टिकतं. फार बारीक, घट्ट हिरव्या कळ्या मात्र जागा बदलल्यावर बऱ्याचदा पिवळ्या पडून गळतात. घरी आणल्यावर दोन-तीन आठवडे इतर झाडांपासून लांब ठेवायचं. शोभेच्या कुंडीला तळाशी भोक नसतं, त्यात पाणी साचून राहिलं की मुळं संपली. पाणी घालताना आतली कुंडी बाहेर काढायची आणि निथळल्यावरच परत ठेवायची.

कुंडी बदलायची ती फुलं गेल्यावर. पुण्यात मी हे जूनमध्ये, पहिले पाऊस होऊन हवा गार झाली की करते. एप्रिल-मे मध्ये दुपारची आर्द्रता इतकी खाली जाते की दुखावलेल्या मुळांना पानांची तहान भागवता येत नाही. जूनमध्ये मुळांना नवी हिरवी किंवा लालसर टोकं फुटायला लागलेली असतात, तीच वेळ साधायची. दांडा निघालेल्या झाडाची कुंडी कधी बदलू नये.

मिश्रणाची तयारी आदल्या आठवड्यात सुरू होते. माझं पुण्यासाठीचं प्रमाण मापाने असं : पाइनच्या सालीचे तुकडे सहा भाग, लाकडी कोळसा अडीच भाग, नारळाच्या सोडणाचे तुकडे दीड भाग. १२ सेंटीमीटरच्या कुंडीला सगळं मिळून साधारण एक लिटर लागतं. तुकडे १२ ते १८ मिलिमीटरचे. चाळणीने भुगा काढून टाकायचा, कारण तोच खाली बसून हवेची वाट बंद करतो. सोडणात मीठ आणि टॅनिन असतं, ते तीन दिवस भिजवायचं आणि रोज पाणी बदलायचं. पाणी चहाच्या रंगाचं यायचं थांबलं की ते तयार. साल एक रात्र भिजवली तरी पुरते, पण भिजवायलाच हवी, कोरडी साल पहिली काही आठवडे पाणी धरतच नाही. कोळसा लोणारी हवा, बार्बेक्यूसाठीच्या दाबलेल्या वड्या नकोत. मुंबई-कोकणात सोडण पूर्ण वगळावं आणि कोळसा वाढवावा, किंवा विटांचे तुकडे घालावेत. तिथल्या पावसाळ्यात सोडण सुकतच नाही. बऱ्याच जणांना स्फॅग्नम मॉस (वाळवलेलं शेवाळ) सोपं वाटतं. ते चालतं, पण कुंडीत दाबून भरलं तर मधोमध दहा-बारा दिवस ओलं राहतं आणि वरून कोरडं दिसतं. तो फसवा कोरडेपणा ओळखायची सवय होईपर्यंत साल बरी.

झाड काढायच्या आधी कुंडीसकट वीस मिनिटं पाण्यात ठेवते. भिजलेली मुळं लवचीक होतात, कोरडी काडकन मोडतात. मग कुंडी बाजूंनी दाबत झाड बाहेर काढायचं. जुनं मिश्रण बोटांनी सोडवत मध्यापर्यंत गेलं की बहुतेक वेळा एक छोटा, घट्ट गोळा सापडतो. मॉसचा किंवा काथ्याचा, कधी जाळीच्या टोपलीत. रोप लहान असताना ते ज्यात वाढवलं होतं तो हा गोळा, मोठ्या कुंडीत तसाच बसवून दिलेला. बाहेरची साल सुकते तेव्हाही हा आतून ओला असतो, बरोबर खोडाच्या बुडाशी. घरी आणलेली फॅलेनोप्सिस वर्षभरात मरण्याचं सगळ्यात मोठं कारण माझ्या मते हेच आहे. पाणी जास्त घातलं असा दोष माणूस स्वतःला देत बसतो आणि पाणी अडवून ठेवणारा गोळा कुंडीत तसाच असतो. चिमट्याने, धीराने, थोडा थोडा करून तो पूर्ण काढायचा. टोपली असेल तर कात्रीने कापून काढायची. चार मुळं तुटली तरी चालतील.

मग एकेक मूळ दोन बोटांत धरून हलकं दाबायचं. भरीव लागलं तर चांगलं, रंग पिवळट असला तरी. कुंडीच्या अंधारात वाढलेली मुळं पिवळसर असतात. पोकळ, पिचपिचीत लागलं आणि ओढल्यावर वरची साल निघून आत दोऱ्यासारखी शीर उरली, तर ते मूळ मेलेलं. ते निरोगी भागापर्यंत कापायचं. कात्री प्रत्येक झाडाआधी ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची किंवा ज्योतीवर धरून गार करायची. विषाणू कात्रीवरूनच एका झाडातून दुसऱ्यात जातात. कापलेल्या टोकाला चिमूटभर दालचिनी पूड लावते, तीही फक्त टोकाला. दालचिनी ओल खेचून घेते, त्यामुळे सगळ्या मुळांवर भुरभुरली तर चांगली मुळंही सुकतात. कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकात झाड बुडवायचा सल्ला सर्रास दिला जातो. ते काही बुरशींवर चालतं, पण मुळं कुजवणाऱ्या पिथियम आणि फायटोप्थोरा यांच्यावर चालत नाही, जिवाणूंवर तर नाहीच. म्हणून मुळं साफ असतील तर मी कुठलंच औषध वापरत नाही.

कुंडी उरलेल्या मुळांच्या मापाची घ्यायची, पानांच्या पसाऱ्याची नाही. मुळं खूप कापावी लागली तर आधीच्यापेक्षा लहान कुंडी. पारदर्शक ऑर्किडची कुंडी मिळाली नाही तर जेवणाच्या पार्सलचा पारदर्शक, खोल डबा उत्तम. तळाला आठ-दहा आणि बाजूंना तेवढीच, ६ मिलिमीटरची भोकं सोल्डरिंग आयर्नने पाडायची. खिडकी उघडी ठेवून पाडावीत, प्लास्टिकचा धूर वाईट असतो. खोडाचा जिथून पानं फुटतात तो भाग मिश्रणाच्या वर राहिला पाहिजे. झाड मध्ये धरून सगळीकडून मिश्रण सोडायचं आणि कुंडी ओट्यावर आपटून आपटून बसवायची. बोटाने कोंबू नये. हवेत आलेली मुळं जबरदस्तीने आत वळवायची नाहीत. ती बाहेरच राहू द्यावीत, आत गेल्यावर ती बऱ्याचदा कुजतात. शेवटी कुंडी वगळून फक्त झाड धरून हलवून बघायचं. ते डुलत असेल तर काठी लावून बांधायचं. डुलणाऱ्या झाडाची नवी मुळं सालीवर घासून टोकाशीच मरतात.

नव्या कुंडीत पहिले तीन-चार दिवस पाणी नाही. जखमा सुकू द्यायच्या. सावलीत ठेवून सकाळी पानांवर हलका फवारा, बस.

पाण्याचं वेळापत्रक विचारलं जातं, पण ते ठरवता येत नाही. पारदर्शक कुंडीतून मुळांचा रंग बघायचा. ओली मुळं हिरवी दिसतात, सुकली की चंदेरी राखाडी होतात. कुंडीच्या आतल्या बाजूला बाष्पाचे थेंब असतील तर थांबायचं. मुळं चंदेरी झाली, थेंब गेले आणि कुंडी उचलल्यावर हलकी लागली की पाणी. सालीच्या मिश्रणात माझ्याकडे एप्रिलमध्ये हे तीन-चार दिवसांनी होतं, जुलैत आठ-दहा दिवसांनी, डिसेंबरमध्ये आठवड्याने. पाणी सकाळी द्यायचं. कुंडी बादलीत काठापर्यंत बुडवून दहा मिनिटं ठेवायची आणि मग सिंकमध्ये पूर्ण निथळू द्यायची. दोन झाडं एकाच बादलीच्या पाण्यात बुडवायची नाहीत, रोग तसेच पसरतात. मधल्या कोंबात पाणी गेलं तर टिश्यूचं टोक घालून टिपून घ्यायचं. बर्फाचे खडे ठेवण्याची पद्धत मला पटत नाही. खड्यांचं पाणी एकाच जागी झिरपतं, बाकीची मुळं कोरडी राहतात आणि साचलेले क्षार धुतले जात नाहीत.

क्षारांचा प्रश्न आपल्याकडे मोठा आहे. सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी येत असेल तर पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर घ्यावाच. १५० पीपीएमपर्यंतचं पाणी निर्धास्त द्यावं. ३०० च्या वर गेलं की मुळांची टोकं तपकिरी-काळी पडायला लागतात आणि सालीवर पांढरा थर चढतो. अशा घरात आरओचं पिण्याचं पाणी वापरायचं. आरओच्या नळीतून बाहेर जाणारं टाकाऊ पाणी झाडांना घालायची सवय अनेकांना असते. या झाडाला ते चुकूनही नको, त्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. जून ते सप्टेंबर गच्चीवर घमेलं ठेवून पावसाचं पाणी साठवता आलं तर त्याहून चांगलं काही नाही. पहिल्या एक-दोन पावसांचं सोडून द्यायचं.

खताबद्दल थोडक्यात. १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) हे पाण्यात विरघळणारं खत, लिटरला अर्धा ग्रॅम. चहाचा एक सपाट चमचा साधारण ५ ग्रॅम, म्हणजे दहा लिटरला पुरतो. पानं-मुळं वाढत असताना आठवड्यातून एकदा, आधी साध्या पाण्याने मुळं ओली करून मग. महिन्यातून एकदा नुसतं पाणी भरपूर ओतून कुंडी धुऊन काढायची. आरओचं किंवा पावसाचं पाणी वापरत असाल तर त्यात कॅल्शियम नसतं. मग दर तिसऱ्या वेळी १९:१९:१९ ऐवजी कॅल्शियम नायट्रेट, तेवढ्याच मापाने. दोन्ही एकत्र कालवायची नाहीत, फॉस्फेट आणि कॅल्शियम मिळून साका तळाशी बसतो. फुलं यावीत म्हणून जास्त स्फुरदाचं १३:४०:१३ देण्याचा उपयोग होतो असं मला दिसलेलं नाही. कांद्याच्या सालीचं पाणी, तांदळाचं धुवण, ताक हे कुंडीत घातलं की सालीवर बुरशी येते आणि चिलटं होतात. गुलाबाला, मोगऱ्याला ते घाला, त्यांच्या मातीत ते पचवणारे जीव असतात.

उजेड पानाच्या रंगावरून कळतो. गवतासारखा मध्यम हिरवा हवा. गडद, काळपट हिरवी पानं बघायला छान वाटतात, पण ती अंधाराची खूण आहे आणि असं झाड फुलत नाही. पिवळट पान किंवा लालसर कडा म्हणजे ऊन जास्त. दुपारी पानाला हात लावून बघायचा. गरम लागलं तर जागा ताबडतोब बदलायची, पुढची पायरी म्हणजे करपलेला पांढरा डाग, जो परत भरून येत नाही. आकड्यात सांगायचं तर १० ते १५ हजार लक्स (उजेड मोजायचं एकक). मोबाइलच्या ॲपने अंदाज येतो. पूर्वेची खिडकी सर्वांत सोयीची, सकाळी साडेआठ-नऊपर्यंतचं ऊन थेट अंगावर आलं तरी चालतं. दक्षिणेची खिडकी हिवाळ्यात फसवते. डिसेंबरमध्ये पुण्यात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४८ अंशांवर असतो आणि ऊन खोलीत आतवर येतं, तेव्हा पांढरा पातळ पडदा लागतो. उलट मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत, म्हणजे पुण्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो त्या दोन शून्य सावली दिवसांच्या मधल्या काळात, माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. त्या दिवसांत उत्तरेची खिडकी एरवीपेक्षा बरीच उजळ असते. म्हणून माझी झाडं वर्षभर एका जागी नसतात. खिडकी नसलेल्या कोपऱ्यात २० वॉटची एक एलईडी बॅटन लावून भागत नाही. वीतभर अंतरावरही तिचा उजेड दोन-तीन हजार लक्सच्या पुढे फारसा जात नाही. तीन-चार बॅटन शेजारी शेजारी, रोज बारा तास, असं केलं तर जमतं.

पावसाळ्यात पाण्यापेक्षा हवेकडे लक्ष द्यावं लागतं. जुलै-ऑगस्टमध्ये कोंबात राहिलेला थेंब रात्रभर सुकत नाही आणि कोंब कुजतो. मधलं कोवळं पान ओढल्यावर सहज हातात आलं आणि बुडाशी तपकिरी दिसलं तर समजायचं. हे झाड एकाच कोंबाने वर वाढतं, तो गेला की वरून नवं पान येत नाही. कधी बुडाशी नवं रोप फुटतं, म्हणून मुळं चांगली असतील तर मी लगेच टाकून देत नाही. पानावर पाणी भरल्यासारखा, आरपार दिसणारा डाग पडून एक-दोन दिवसांत पसरत गेला, वास आला, तर तो जिवाणूंचा. डागाच्या पुढे दोन सेंटीमीटर निरोगी भागासकट कापून टाकायचं, कात्री पुसायची, झाड वेगळं ठेवायचं, पंखा मंद लावून ठेवायचा आणि पानांवर फवारा बंद. वेगळं औषध शोधत बसण्यापेक्षा हे लवकर करणं महत्त्वाचं. बाल्कनीत असेल तर रात्री टॉर्च घेऊन गोगलगायी बघायच्या. त्या मुळांची कोवळी टोकंच खातात.

पिठ्या ढेकणासाठी कानाच्या काडीला ७० टक्के अल्कोहोल लावून बेचक्यांतून, पानांच्या खालून, दांड्याच्या पेरांवरून पुसायचं. दर सात दिवसांनी, सलग चार वेळा. एकदा पुसून दिसेनासा झाला तरी अंडी राहिलेली असतात. मार्च ते मे पानाच्या खालच्या बाजूला चंदेरी ठिपके दिसले तर लाल कोळी. कोरड्या हवेत तो फोफावतो, ओल्या फडक्याने दोन्ही बाजू दर चार-पाच दिवसांनी पुसल्या की आटोक्यात राहतो.

पानं सुरकुतली तर हात लगेच पाण्याकडे जातो. आधी कुंडी बघावी. मिश्रण कोरडं आणि मुळं चंदेरी, भरीव असतील तर झाड तहानलेलं आहे, दोन-तीन वेळा बुडवलं की पान हळूहळू सावरतं. मिश्रण ओलं आणि मुळं तपकिरी असतील तर पाणी आहे, ते ओढणारं मूळ नाही. अशा वेळी पाणी वाढवलं की उरलेली मुळंही जातात. त्याला वर सांगितल्याप्रमाणे काढून, कापून, लहान कुंडीत सैल मॉसमध्ये लावायचं आणि नवं मूळ फुटेपर्यंत सावलीत, दमट जागी ठेवायचं. कोंब चांगला असेल तर बहुतेक झाडं यातून निघतात, वेळ मात्र महिन्यांचा लागतो.

आता फुलांचा मुद्दा. फॅलेनोप्सिसला फुलायला रात्रीचा गारवा लागतो असं सगळीकडे सांगितलं जातं. त्यात दिवसाची गोष्ट राहून जाते. मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या ब्लँचर्ड आणि रंकल यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिवसा २९ अंश आणि रात्री १७ अंश ठेवलेल्या झाडांना वीस आठवड्यांतही दांडे आले नाहीत, उलट दिवस-रात्र सलग २३ अंशांत ठेवलेली बहुतेक झाडं फुलावर आली. म्हणजे दिवसाचं तापमान उतरणं हेच निर्णायक आहे. हे कळल्यावर आपल्याकडचं कोडं सुटतं. ऑक्टोबरअखेर पुण्यात पहाटे चांगलं गार असतं, तरी दांडा येत नाही, कारण दुपार तापलेली असते. डिसेंबरमध्येही बाहेरची दुपार २९-३० अंशांची असते, पण घरातली सावलीची खोली २४-२५ वर राहते. मग शोधायची ती घरातली दिवसा सगळ्यात गार आणि तरीही उजळ खोली. किमान-कमाल दाखवणारा छोटा डिजिटल थर्मामीटर झाडाशेजारी ठेवला की चार दिवसांत कळतं. माझ्याकडे ती उत्तर-पूर्वेची खोली आहे. वरच्या मजल्यावर, स्लॅब तापणाऱ्या घरात हे अवघड जातं, तिथे खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांची खिडकी मागून घ्यावी.

नोव्हेंबरच्या मध्यापासून झाडं तिथे हलवते. दिवसा २६ च्या खाली, रात्री १६ ते १९, असे चार ते सहा आठवडे मिळाले पाहिजेत. रात्री खिडकी उघडी ठेवते, पण थंडीची लाट आली आणि काटा १३ च्या खाली जायला लागला की बंद करते. या काळात उजेड कमी पडू द्यायचा नाही, अंधाऱ्या गार खोलीत दांडा येत नाही. मुंबईत जानेवारीतही घरातली दुपार २७-२८ असते, त्यामुळे तिथे दिवसा एसी चालणारी, खिडकीजवळ उजेड असलेली खोली हा खात्रीचा मार्ग आहे. फक्त रात्री एसी लावलेल्या बेडरूममध्ये ठेवून लोक वर्षानुवर्षं वाट बघतात. आणि झाडाला किमान चार चांगली पानं हवीत. दोन पानांच्या झाडाकडून फुलाची अपेक्षा करू नये.

डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, वरून तिसऱ्या-चौथ्या पानाच्या बेचक्यात हिरवा ठिपका दिसतो. तो दांडा की मूळ, हे ओळखण्यात सुरुवातीला गफलत होते. मुळाचं टोक गोल, गुळगुळीत, चकचकीत असतं आणि ते खाली किंवा आडवं जातं. दांड्याचं टोक किंचित चपटं असतं, त्याच्या एका बाजूला छोटी खाच दिसते आणि ते उजेडाकडे, वर वळतं. सेंटीमीटरभर वाढलं की पहिलं पेर आणि त्यावरचं खवल्यासारखं आवरण दिसतं, मग शंका राहत नाही. तिथून पुढे कुंडी फिरवायची नाही. खिडकीकडची बाजू काठावर खडूने खूण करून ठेवते, पाणी घालून परत ठेवताना तीच बाजू खिडकीकडे. फिरवत राहिलं तर दांडा वेडावाकडा होतो आणि फुलं दोन दिशांना तोंड करतात. १५ सेंटीमीटर झाला की बांबूची काठी लावून क्लिपने सैल अडकवायचा. काठी सरळ मुळांत खुपसू नये, कुंडीच्या कडेने घालावी. दांडा वाकवायचा तर दुपारी, तेव्हा तो जरा नरम असतो, आणि थोडा थोडा, रोज.

दांडा दिसल्यापासून पहिलं फूल उमलायला साधारण तीन महिने लागतात. म्हणजे पुण्यात कळ्या फुगतात त्या मार्चमध्ये, नेमकी हवा कोरडी आणि तापट होते तेव्हा. कळ्या पिवळ्या पडून गळतात त्या मुख्यतः यामुळे. पाणी एकदाही चुकवायचं नाही, पंख्याचा थेट झोत लागू द्यायचा नाही, झाडं एकत्र ठेवायची. खडे आणि पाण्याचा ट्रे ठेवून आर्द्रता फारशी वाढत नाही. डेझर्ट कूलर लावलेली खोली खरोखर उपयोगी पडते, झोतापासून बाजूला ठेवून. दुसरं कारण इथिलीन. पिकणारी फळं हा वायू सोडतात आणि फॅलेनोप्सिसची कळी-फुलं त्याला अतिशय नाजूक असतात. केळ्यांचा घड शेजारी नको, आणि एप्रिल-मेमध्ये हापूसची पेटी ज्या खोलीत पिकायला ठेवली असेल तिथे फुललेलं झाड अजिबात नको. सगळी फुलं एकदम मिटून पातळ, आरपार झाली तर बहुधा हेच झालेलं असतं. धुरातही इथिलीन असतं, तेव्हा देवघरातल्या धूप-अगरबत्तीपासूनही लांब.

उमललेली फुलं गार हवेत दोन-तीन महिने टिकतात, पुण्याच्या उन्हाळ्यात त्याहून कमी. त्या दिवसांत झाड घरातल्या आतल्या, कमी तापणाऱ्या खोलीत आणते, उजेड थोडा कमी मिळाला तरी. फुलांवर पाणी किंवा नीमतेल उडवायचं नाही, डाग राहतात.

शेवटचं फूल गळल्यावर दांड्याचं काय करायचं, यावर दोन मतं आहेत. खालून दुसऱ्या-तिसऱ्या पेराच्या वर, सेंटीमीटरभर सोडून कापलं तर कधी कधी त्या पेरातून फांदी फुटून पुन्हा लहान फुलं येतात. हवा दमट आणि समशीतोष्ण असेल तिथे ते करावं. पुण्यात ही वेळ मेच्या सुमाराला येते आणि तेव्हा झाडावर आणखी ओझं टाकणं मला योग्य वाटत नाही. मी दांडा बुडापासून दोन सेंटीमीटर ठेवून कापते, मग झाड जूनपासून सगळी ताकद पानांत आणि मुळांत घालतं. उरलेला तुकडा वाळून पिवळा झाला की आपोआप सुटतो, हिरवा असताना ओढून काढू नये. साल दोन वर्षं चालते. पहिल्या वर्षाच्या जूनमध्ये ती दाबल्यावर कडक लागली तर कुंडी बदलायची गरज नाही, वरचा थर तेवढा नवा घालायचा.